आंबील प्यायच्या आधी

धाराशिवहून बेंबळीच्या पुढं आमच्या गावी जाताना वाटेत कुठं कुठं थांबता येतं, हे मला पाठ आहे. एक पेट्रोल पंप आहे, तिथला नळ कोरडा असतो. एका मंगल कार्यालयाच्या मागं संडास आहे, पण त्याची किल्ली राखणदाराकडं आणि राखणदार कुठंतरी चहाला गेलेला. त्यानंतर थेट ऊस लागतो. ही माहिती मी काही हौसेनं जमवलेली नाही. कोरोनाच्या तिसऱ्या लाटेनंतर जवळजवळ वर्षभर माझं पोट माझ्या ताब्यात नव्हतं. त्या काळात मी एस.टी.नं जाणं सोडलं, कारण कंडक्टरला काय सांगून बस थांबवायची हा प्रश्नच होता. मोटारसायकल बरी, कुठंही उभी करता येते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पचनसंस्था हा माझा आवडता धडा. अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं, सगळं एका दमात फळ्यावर उतरवायचं आणि मग मागं वळून पोरांकडं बघायचं, हा माझा वीस वर्षांचा रुबाब. त्या वर्षी मात्र मी दाराजवळ उभा राहून शिकवत होतो. तास पंचेचाळीस मिनिटांचा आणि माझा भरवसा पंधरा मिनिटांचा. पोरं समजूतदार होती, कुणी हसलं नाही. त्यांच्या न हसण्याचाच मला जास्त राग येई.

पण राग येण्याचं खरं कारण पोट नव्हतं. ते सांगायचं तर वेळ अमावस्येपासून सुरुवात करावी लागेल.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात गावंच्या गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. येळवस म्हणतात तिला. शेतात कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांना नैवेद्य दाखवायचा आणि मग जो येईल त्याला जेवू घालायचं. जेवणात भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी असते, पिठाचे उकडलेले उंडे असतात, बाजरीची भाकरी, खीर. पण मान आंबिलीचा. ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबवलेली, लसूण-मिरची लावलेली ही पांढरी, आंबट आंबील बिंदगीत, म्हणजे मातीच्या घड्यात, भरून घरची बाई डोक्यावरून शेतात आणते. कुणाच्या खोपीतली आंबील कशी होती, यावर पुढं महिनाभर पारावर चर्चा चालते.

आमच्या घरची आंबील वहिनी करायच्या. माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आल्यापासून त्यांनीच केली. चार-पाच दिवस आधीपासून चांगलं ताक बाजूला काढायचं, पीठ कधी घालायचं, थंडी जास्त असली तर बिंदगीला पोतं गुंडाळायचं, हे सगळं त्या कुणाला न विचारता करायच्या. त्यांच्या हाताला आंबट गोडी होती. गल्लीत कुणाचं दही बिघडलं की वाटी घेऊन बायका वहिनींकडंच यायच्या विरजण मागायला. वहिनी शाळेत चौथीपर्यंत गेल्या. घरात शहाणा म्हणून मान माझा, पण वाटी घेऊन माझ्याकडं कधी कुणी आलं नाही.

त्या वर्षी दोन लाटांनंतर पहिल्यांदा सगळे मोकळेपणानं जमले होते. पुण्याहून पुतणी आली होती. भाऊकीतली पंधरा-वीस माणसं. मी आणि बायको सकाळीच पोहोचलो. आदल्या रात्रीपासून माझ्या पोटात गुरगुरत होतं. दोन दिवसांपूर्वी कॉलेजात शिक्षकांची बैठक झाली होती, तिथं कुणीतरी आणलेल्या वड्यांवर मी त्याचं खापर फोडलं आणि एक गोळी घेतली. ताप नव्हता, खोकला नव्हता, नाक वाहत नव्हतं. घशात खवखवसुद्धा नव्हती. त्या दिवसांत माणूस आपला श्वास तपासायचा, पोट कोण तपासतो?

खोपीत आम्ही दाटीवाटीनं बसलो. कडब्याची भिंत, बारीक दार, आत दहा-बारा जण गुडघ्याला गुडघा लावून. पूजा झाली. 'व्हलगे व्हलगे सालम पलगे' म्हणत पाण्याचा आणि आंबिलीचा शिडकावा झाला. या शब्दांचा अर्थ आमच्यात कुणालाच नीट सांगता येत नाही, पण आवाज सगळ्यांत मोठा माझाच असतो. मग आंबील आली. मी तीन पेले प्यालो. दादा चार प्याला. पुतणीनं नाक मुरडलं, तिला लहानपणापासून आंबट चालत नाही. शेतावर सालानं राहणारा आमचा गडी आणि त्याची बायको बाहेर बाभळीखाली त्यांच्या लेकरांबरोबर जेवले. उरलेली अर्धी बिंदगी वहिनींनी त्यांनाच दिली.

तिसऱ्या दिवशी सगळं घर आडवं झालं. दादाला उलट्या आणि जुलाब, वहिनींना पोटात पिळवटून येणं, चुलत्याला जेवणाचा वाससुद्धा सहन होईना. दादाला साखरेचा त्रास आहे. चौथ्या दिवशी तो अंगणात चक्कर येऊन पडला, आणि त्याला बेंबळीला नेऊन दोन बाटल्या सलाईन लावावं लागलं. इकडं धाराशिवात माझी गतही काही वेगळी नव्हती. कुणालाच खोकला नव्हता. कोरोनाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

त्या संध्याकाळी दादाचा फोन आला. ओट्यावर भाऊकी जमली होती, फोन स्पीकरवर लावलेला. म्हणाला, "तू सांग बाबा, तुझा अभ्यास हाय. कशानं झालं आसंल?"

मला असं कुणी विचारलं की राहवत नाही. पोट धरून मी पलंगावर बसलो आणि बोललो. ताकात कुठले जिवाणू असतात, आंबायला किती उष्णता लागते, थंडीत काय होतं, वाईट जिवाणूंची वाढ कशी होते. शेवटी म्हणालो, "आंबवणं आणि नासणं यात एका रात्रीचा फरक असतो." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

मग लांबून वहिनींचा आवाज आला. "भावजी, गड्याच्या लेकरांनी दोन दिस पेली तीच आंबील. त्यांना काय झालं न्हाय."

"त्यांच्या पोटाला सवय असते, वहिनी," मी म्हणालो.

आज हे लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात. अकरावीच्या पहिल्या महिन्यात मी पोरांना शिकवतो की तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. तीच आंबील, दुप्पट प्यालेली, दोन दिवस जास्त शिळी, आणि माणसं ठणठणीत. यापेक्षा चांगला पुरावा कुणी माझ्यापुढं काय आणून ठेवायचा? पण तो चौथी शिकलेल्या बाईनं ठेवला होता, आणि तो गड्याच्या घरातून आला होता, म्हणून मला तो दिसला नाही.

दोन दिवसांनी पुतणीचा पुण्याहून फोन आला. तिच्या ऑफिसात तपासणी सक्तीची होती. "काका, माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. मला फक्त जुलाब होतायत. आणि मी तर आंबील प्यालेच नव्हते. मग घरच्यांनाही हेच झालं असेल का?"

मी म्हणालो, "तुला जाताना बसमध्ये लागला असेल." तिनं ते मानलं. काका जीवशास्त्राचे.

फोन ठेवला आणि औषधाच्या दुकानातून घरी तपासायचं किट आणलं. पंधरा मिनिटं थांबायचं असतं, मी तेवढ्या वेळात दोनदा संडासात जाऊन आलो. आलो तेव्हा त्या पांढऱ्या पट्टीवर दोन रेघा होत्या.

मग मी वाचायला बसलो. श्वासातून आलेला हा विषाणू पेशींच्या ज्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, चिकटतो, ते नुसते फुप्फुसात नसतात. लहान आतड्याच्या अस्तरावर ते भरपूर असतात. काही लोकांना खोकला येतच नाही, सुरुवात जुलाबानं होते, मळमळीनं होते, आणि कधी कधी सगळं तेवढ्यावरच संपतं. ते अस्तर, त्याच्यावरचे बोटांसारखे बारीक रसांकुर मी वर्षानुवर्षं रंगीत खडूनं काढत आलो होतो. माझं पोट वड्यांनी बिघडलं नव्हतं. मी खोपीत शिरलो तेव्हाच आजारी होतो, आणि दहा-बारा माणसांच्या तोंडापुढं तोंड करून मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो होतो.

बायकोनं पट्टी बघितली आणि म्हणाली, "आत्ताच्या आत्ता वहिनींना फोन करा."

"करतो."

वरच्या खोलीत मी वेगळा राहिलो. दारातून ताट सरकवताना ती रोज विचारायची आणि मी रोज म्हणायचो, "करतो." बरा झाल्यावर तिनं विचारणं सोडलं. मला लाज वाटत होती, हे खरं. पण लाजेपेक्षा मोठी होती ती किंमत कमी होण्याची भीती. गावात मला सर म्हणतात. जमिनीच्या मोजणीपासून पोरीच्या शिक्षणापर्यंत विचारायला येतात. एकदा सर चुकले म्हटल्यावर पुढं काय? मी मनाशी म्हणायचो, कोण लक्षात ठेवतंय, चार दिवसांत विसरतील.

विसरले नाहीत. माझं ते वाक्य गावात फिरलं. संक्रांतीला गेलो तर पारावरचा एक म्हातारा मलाच ऐकवतो, "आंबवणं आन् नासणं यात एका रातीचा फरक, सर." दादा जेवताना ताक पुढं आलं की पेला वर धरून बघायचा. "ह्ये तरी बरं हाय का? मागल्या बारीला मरता मरता वाचलो." वहिनी पुढची भाकरी वाढायच्या. उन्हाळ्यात मी चार दिवस राहिलो, त्यात एकही बाई वाटी घेऊन आली नाही. मी दिवसभर दाराकडं बघत होतो. शेवटी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "आता पलीकडच्या आळीतून नेतात विरजण. तुम्हाला आत्ता कळलं होय?"

आणि माझं पोट. डॉक्टर म्हणाले, "आजार गेला, पण काहींची आतडी महिनोन्महिने बिचकलेली राहतात. साधं खा, घाई करू नका, चिंता करू नका." साधं खाल्लं. मुगाची खिचडी खाऊन खाऊन तिचा वीट आला. भात पचेल त्या दिवशी भाकरी पचायची नाही, भाकरी पचेल त्या दिवशी चहा बाहेर यायचा. जागेवर बसवेना, बाहेर जाववेना. वर्गात, बँकेत, लग्नात मी आधी दार बघून मग खुर्ची निवडायचो. चिंता करू नका हे डॉक्टरांना सांगायला काय जातं.

पुढच्या वेळ अमावस्येच्या सहा दिवस आधी, एका रविवारी मी गावाकडं निघालो. वाटेत दोनदा थांबलो. घरी दादा नव्हता. वहिनी मागल्या दारी भांडी घासत होत्या. त्यांच्या शेजारी बिंदगी होती, आंबिलीची, पांढऱ्या चुन्याच्या नक्षीची. वहिनींनी तिच्यात हात घातला आणि मूठभर राख काढून कढईला चोळली.

मी म्हणालो, "वहिनी, यात राख?"

"मंग काय ठिवायचं तिच्यात?" त्या कढई घासतच राहिल्या. "तुमच्या भावानं सांगितलंय, यंदा ताकाच्या पिशव्या आणू धाराशिवातनं. तुमीच आणा येताना."

मी उंबऱ्यावर बसलो. पोटात कळ आली, पण उठलो नाही. उठलो असतो तर पुन्हा येऊन बसलो नसतो, हे मला ठाऊक होतं. सगळं सांगितलं. किट, दोन रेघा, पुतणीचा फोन, वर्षभर गप्प राहणं. सांगताना मी खाली फरशीकडं बघत होतो. घासण्याचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही.

"मला ठावं व्हतं," वहिनी म्हणाल्या.

मी वर बघितलं.

"तुमी आल्या आल्या बाटली घिऊन तुरीत गेलता. मंग पूजेच्या आधी एकदा, पूजा झाल्यावर एकदा. तीन बारी. म्या चुलीपशी व्हते, मला समदं दिसत व्हतं. आंबील तर तवा कुणी तोंडालाबी लावली नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले की. गड्याच्या लेकराचं बोलले. तुमी काय म्हणलाव?" त्यांनी हात धुतले. "आन् तुरीत गेल्याचं कसं बोलावं चारचौघांत दिराबद्दल? त्यात तुमी सर. माझं कोण ऐकणार?"

मी म्हणालो, "चुकलो, वहिनी."

"मला एकटीला सांगून काय करू?" त्यांचा आवाज चढला नाही. "चारचौघांत म्हणला व्हता. चारचौघांत सांगा." मग बिंदगी उचलून त्यांनी राख उकिरड्यावर ओतली. "हिच्यात आता न्हाय करता यायची. कुंभाराकडं जाऊन नवी आणा. आजच आणा, पाण्यानं मुरवावी लागती."

मी नवी बिंदगी आणली. मोटारसायकलवर पोटाशी धरून आणली.

ते सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज वाक्यं जुळवायचो आणि मोडायचो. एकदा तर ग्राही, अस्तर, विषाणू असं सगळं घालून पाच मिनिटांचं भाषण तयार झालं. बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, "यात मी चुकलो हे कुठाय?"

अमावस्येला सकाळी निघण्याआधी पुन्हा किट लावलं. एकच रेघ आली. शेतावर पोहोचलो तर तीच माणसं, तशीच खोप, फक्त यंदा मीच म्हणालो की जेवायला बाहेर उघड्यावर बसू. वहिनी नवी बिंदगी डोक्यावर घेऊन बांधावरून आल्या, तेव्हा बोलणी बंद पडली. चुलत भावजय शेजारणीच्या कानात काहीतरी पुटपुटली. दादानं बिंदगीकडं बघितलं, मग वहिनींकडं. "म्या पिशव्या आणा म्हणलो व्हतो ना?"

पूजा झाली. पेले मांडले. कुणी हात पुढं करेना. वहिनी पळी हातात घेऊन उभ्या होत्या, आणि त्या माझ्याकडं बघतसुद्धा नव्हत्या.

मी उभा राहिलो. "मागच्या येळवशीला आंबील चांगली होती," मी म्हणालो. "सगळ्यांना झाला तो कोरोना होता. तो मी आणला होता. मला नंतर पाच-सहा दिवसांत कळलं, आणि मी वर्षभर सांगितलं नाही. ते नासण्याचं मी जे बोललो ते खोटं होतं. वहिनींचं बरोबर होतं."

भाषण एवढंच झालं.

दादानं विचारलं, "म्हंजी मला सलाईन तुझ्यामुळं लागली व्हय?"

"व्हय, दादा."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता शिवी येणार, आणि ती यावी असंही वाटलं. पण तो वहिनींकडं वळला. "आन् म्या हिला वरीसभर बोललो," तो म्हणाला. मग त्यानं पेला उचलून पुढं केला. वहिनींनी भरला. तो एका दमात प्याला, मिशी पुसली आणि पेला पुन्हा पुढं केला.

मग हात पुढं आले. पलीकडं बाभळीखाली गड्याच्या लेकरांनी केव्हाच पेले भरून घेतले होते, त्यांना कुणाच्या भाषणाची गरज नव्हती. कानात पुटपुटणारी चुलत भावजय दोन घोट घेऊन म्हणाली, "आक्का, उद्या वाटी धाडते. इरजण ठेव जरा."

"धाड," वहिनी म्हणाल्या.

एक पेला माझ्यापुढंही आला. मी हातात घेतला आणि तेवढ्यात पोटात अशी कळ आली की डोळ्यापुढं काजवे चमकले. सहा दिवसांची भीती एकदम खाली उतरली होती. मी पेला तसाच खाली ठेवला, पाण्याची बाटली उचलली आणि शक्य तितक्या सहज चालीनं निघालो.

"थांबा, भावजी," मागून वहिनींचा आवाज आला.

मी थांबलो. सगळे थांबले.

"समद्यांनी बघून ठिवा," पळी उंच धरून वहिनी म्हणाल्या. "सर तुरीकडं निघाल्यात. आन् आंबील आजून थेंबभरबी पेलेली न्हाय."

आधी दादा हसला, मग भाऊकी, मग बाभळीखालची लेकरंसुद्धा. मला एका हातानं पोट धरून चालावं लागत होतं, तरी हसू येत होतं. त्या सगळ्या गोंगाटात वहिनींचं हसणं मी वेगळं ओळखलं. वर्षभरात ते मी एकदाही ऐकलं नव्हतं.